चिखलाचा रणगाडा आणि माझा चुकलेला शेरा



आज पाठ नाही, उपक्रमाचा तक्ता नाही. आज एक मत मांडायचं आहे, आणि त्याआधी स्वतःची एक चूक सांगायची आहे. चूक आधी सांगते, म्हणजे मत कुठून आलं ते तुम्हाला कळेल.

आमची शाळा कोल्हापुरात, शाहूपुरीत. माझ्याकडे तेव्हा चौथीचा वर्ग होता. १६ डिसेंबरच्या विजय दिनाला धरून आम्ही 'आपले सैन्य' असं छोटं प्रदर्शन ठेवलं होतं. मुलांनी घरून प्रतिकृती करून आणायच्या होत्या. बहुतेकांनी रणगाडाच केला. एक तर अगदी दुकानातल्यासारखा होता. गुळगुळीत हिरवा रंग, वर तिरंगा, तोफेच्या टोकाला लुकलुकणारा लाल दिवा. त्याला मी पहिला क्रमांक दिला.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं पुठ्ठ्याचा रणगाडा आणला होता. चाकं बाटलीच्या झाकणांची. निम्म्यापर्यंत खरी माती थापलेली. एक बाजू खाली कललेली. पट्ट्यांमध्ये वाळक्या पाल्याचे तुकडे अडकलेले. तिरंगा नाही, नाव नाही. टेबलावर माती सांडत होती. मी शेरा लिहिला, 'नीटनेटकेपणा हवा. आपल्या सैन्याची प्रतिकृती स्वच्छ असावी.' आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

प्रदर्शन आवरताना त्याला म्हटलं, "अरे, एवढा चिखल का लावलास? आणि झेंडा कुठाय?"

तो म्हणाला, "बाई, त्यो आपला न्हाई. पॅटन हाय. उसात रुतलाय. तुम्हीच सांगितलासा की परिपाठाला."

खरंच मीच सांगितलं होतं. सप्टेंबर महिन्यात परिपाठाच्या वेळी मी असल उत्तरच्या लढाईची गोष्ट सांगितली होती. १९६५ सालचं युद्ध, पंजाबात खेमकरणजवळ, ८ ते १० सप्टेंबर. पाकिस्तानचे नवेकोरे अमेरिकन पॅटन रणगाडे चालून येत होते. आपल्या सैन्यानं घोड्याच्या नालासारखी फळी धरली आणि आसपासच्या शेतांत पाणी सोडलं. उभ्या उसात आपले रणगाडे आणि तोफा दबा धरून बसल्या. जड पॅटन चिखलात रुतले. जीपवरच्या तोफेनं रणगाडे उडवणारे अब्दुल हमीद तिथेच शहीद झाले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शत्रूचे नव्वदहून जास्त रणगाडे निकामी झाले किंवा आपल्या हाती लागले. पुढे तिथे ते ओळीनं आणून ठेवले, तेव्हा लोक त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले.

चाळीस मुलांना ही गोष्ट सांगितली. ती ऐकून, मनात साठवून, तीन महिन्यांनी हातानं उभी करणारा एकच निघाला. आणि त्याला मी 'नीटनेटकेपणा हवा' असं लिहून दिलं!

चकचकीत म्हणजे चांगलं?

आता सगळ्यांना माहीत असलेली, पण पालकसभेत कुणी न बोलणारी गोष्ट बोलूया. प्रकल्पाच्या नावाखाली आपल्याकडे जे येतं, त्यातलं बरंचसं मुलांनी केलेलं नसतं. कधी बाबांनी रात्री बारापर्यंत जागून केलेलं असतं, कधी 'शालेय प्रोजेक्ट करून मिळतील' असा बोर्ड लावलेल्या दुकानातून आलेलं असतं. पालकांना मी दोष देत नाही. आपण बक्षीस कशाला देतो ते बघूनच ते वागतात. आपण चकाकीला देतो, म्हणून ते चकाकी विकत आणतात.

दिवाळीच्या किल्ल्याचंच बघा. आपण लहान असताना दगड-माती गोळा करून, पोत्याचं बारदान चिखलात बुडवून डोंगर करायचो. त्यावर हाळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि रोज सकाळी उठून कोंब आले का बघायचं. आता प्लास्टरचा रंगवलेला किल्ला आयता मिळतो. दिसतो छानच. पण पावसाचं पाणी डोंगरावरून कुठून वाहील, हा प्रश्न त्या आयत्या किल्ल्यावर पोराला पडत नाही.

वेदरिंग म्हणजे काय?

त्या मुलानं जे आपल्या आपण केलं त्याला मॉडेल करणाऱ्यांच्या जगात नाव आहे, हे मला नंतर कळलं. त्याला 'वेदरिंग' म्हणतात. छोट्या प्रतिकृतीला आधी नीट रंग द्यायचा आणि मग ती ऊन, पाऊस, धूळ, तेल, गंज यातून गेली आहे असं दिसेल अशी ती रंगानं जुनी करायची. जगभर मोठी माणसं हा छंद जिवापाड जपतात. एकेका रणगाड्यावर महिना-महिना घालवतात.

यातला जो नियम मला शिक्षक म्हणून सगळ्यात आवडला, तो असा: प्रत्येक डागाला कारण हवं. उगाच इकडेतिकडे तपकिरी रंग फासला की ते वेदरिंग होत नाही, ती नुसती घाण होते. चिखल खालीच का? कारण पट्टा तो खालून वर उडवतो. धूळ वरच्या सपाट भागावर का? कारण ती वरून बसते. काजळी मागे का? कारण धुराची नळी तिथे आहे. रंग कडांवर आणि झाकणापाशीच का उडालाय? कारण जवानांचे बूट आणि हात रोज तिथेच लागतात.

शिक्षक मित्रांनो, निरीक्षण आणि कार्यकारणभाव यापेक्षा वेगळं काय असतं? 'निरीक्षण करा व लिहा' असं आपण स्वाध्यायात देतो आणि मुलं गाईडमधून उत्तर उतरवतात. इथे उतरवायला गाईडच नाही!

आणि कोल्हापूरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही, फक्त विचारावं लागतं. त्याच वर्गात मी विचारलं, "रणगाड्याचा लोखंडी पट्टा गंजलेला असेल की चकचकीत?" सगळे म्हणाले, "गंजलेला." आमचा पॅटनवाला मात्र म्हणाला, "बाई, चालता असंल तर चकाकंल. मामाचा नांगुर शेतात असतोय तवा फाळ आरशासारखा असतोय. शेडात पडला की तांबडा." म्हणजे जमिनीला घासतो तो भाग चकाकतो आणि सांधीकोपऱ्यात गंज राहतो. रणगाड्याच्या पट्ट्याचंही तसंच. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही. ज्या मुलाच्या वर्णनात्मक नोंदीत मी 'वाचनात सुधारणा आवश्यक' असं लिहीत आले होते, त्यानं ते सांगितलं.

दुसऱ्या एका मुलीचे वडील उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. तिला माहीत की बिडाचं कास्टिंग पावसात बाहेर राहिलं की तांबडं पडतं, पण ऑइलपेंट मारलेलं लगेच पडत नाही, रंग जिथे उडतो तिथूनच गंज सुरू होतो. आणि पुराच्या पाण्याची भिंतीवरची रेघ कशी दिसते, हे तर शाहूपुरीत सांगायलाच नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखलाचा खालचा पट्टा गडद, वरचा वाळून फिका, हे आपण घराघरांत पाहिलंय. ओला चिखल गडद आणि चकचकीत, वाळलेला फिका आणि खरखरीत. मॉडेल रंगवणारा हेच शिकतो.

३५ नं भागा

आता गणित. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सगळ्यात रुळलेलं प्रमाण १:३५ आहे. हा विचित्र आकडा आला कुठून, याची गोष्ट मुलांना फार आवडते. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ साली पँथर रणगाड्याचा प्लास्टिकचा संच काढला. आत मोटर आणि सेल बसायला हवे होते. ते बसतील एवढा रणगाडा केला आणि मग मोजलं, तर तो मूळच्या साधारण पस्तिसावा भाग निघाला. तेच प्रमाण पुढे जगभर चालू झालं.

आम्ही फळ्यावर भागाकार केले. १७५ सेंटीमीटर उंचीचा जवान, भागिले ३५, किती? बरोबर ५ सेंटीमीटर. रणगाडा साधारण तीन मीटर उंच, म्हणजे ३०० भागिले ३५, साडेआठ सेंटीमीटरच्या थोडं वर. मग मी विचारलं, "आणि पुरा वाढलेला साडेतीन मीटरचा ऊस?" ३५० भागिले ३५, १० सेंटीमीटर.

एक क्षण वर्ग शांत. मग एकजण ओरडला, "बाई, ऊस उंच हाय! रणगाडा दिसनारच न्हाई!"

तीन महिन्यांपूर्वी मी 'उसात दबा धरला' हे एका वाक्यात सांगून मोकळी झाले होते. ते वाक्य त्यांना त्या दिवशी कळलं, भागाकारातून. प्रमाण हा घटक मी इतकी वर्षं शिकवते, पण असा कधी शिकवला नव्हता.

वर्गात आम्ही कसं करतो

काही जण विचारतील, हे महागडे संच आणायचे कुठून? आणूच नका. बाहेरून मागवलेला चांगला संच आपल्या पालकांना परवडणारा नाही आणि चौथीच्या मुलाला लागतही नाही. आम्ही वापरतो ते असं:

१. साचा: बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, तोफेला पेनाची रिकामी नळी. पट्ट्यासाठी पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलायचा, आतल्या वळ्या हुबेहूब पट्ट्यासारख्या दिसतात. जोडायला फेविकॉल.

२. पाया: सगळ्यावर एकच लष्करी हिरवा पोस्टर कलर. पातळ दोन हात द्यायचे, एक जाड हात नाही. पहिला हात पूर्ण वाळू द्यायचा. इथेच निम्म्या मुलांचा धीर सुटतो, आणि धीर हाच खरा पाठ आहे.

३. वॉश: काळा आणि चॉकलेटी रंग भरपूर पाण्यात कालवून ब्रशानं सोडायचा. तो आपोआप फटीत, कोपऱ्यात जाऊन बसतो आणि खाचा उठून दिसतात. पुठ्ठा फार भिजू देऊ नका.

४. कोरडा ब्रश: ब्रशावर फिका हिरवा घेऊन तो जुन्या फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. उरलेला ब्रश कडांवरून हलका फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांवर लागतो.

५. उडालेला रंग: भांडी घासायच्या स्पंजाचा छोटा तुकडा तपकिरी रंगात टेकवून, कागदावर टिपून, मग कडांवर हलकेच टेकवायचा. पट्ट्याच्या वळ्यांवर शार्पनरमधली शिशाची पूड बोटानं घासली की लोखंडाची चमक येते.

६. माती: हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. बारीक चाळलेली माती फेविकॉलच्या पाण्यात कालवायची. पण कुठली माती?

या शेवटच्या प्रश्नावर भूगोल सुरू होतो. आम्ही तीन गट केले. पहिला गट असल उत्तरचा: शेतातला ओला चिखल, पंचगंगेकाठची गाळाची माती, वर उसाचा पाला. दुसरा गट लोंगेवालाचा, डिसेंबर १९७१, जैसलमेरचं वाळवंट: तिथे चिखल नाही, वरच्या भागावर बारीक पिवळसर वाळू, गंज जवळजवळ नाही. तिसरा गट बसंतरचा, तोही डिसेंबर १९७१, नदीकाठचा भाग. एकानं पन्हाळ्याहून तांबडी माती आणली होती, छान दिसत होती. पण वर्गानंच ती नाकारली. "ही माती तिकडं नसती," म्हणाले. दिसायला छान आहे म्हणून खोटं चालणार नाही, हे चौथीच्या मुलांनी ठरवलं. माझ्यापेक्षा चांगलं परीक्षण केलं त्यांनी!

"बाई, मुलांना युद्ध शिकवता का?"

हा प्रश्न एका आईनं मला विचारला, आणि तो योग्य आहे. माझं उत्तर कुणाला पटेल, कुणाला नाही.

रणगाडा हा मारण्यासाठी केलेला आहे. ते लपवून त्याचं खेळणं करणं मला जास्त धोक्याचं वाटतं. चकचकीत रणगाडा खेळणंच राहतो, धडाम्-धुडूम् करायला बरा. पण जेव्हा तिसऱ्या गटातल्या मुलीनं बुरुजाजवळ काळा जळका डाग काढला आणि नियमाप्रमाणे मी विचारलं, "या डागाचं कारण काय?" तेव्हा ती म्हणाली, "गोळा लागला." मग थोडं थांबून तिनंच विचारलं, "बाई, मग आतल्या माणसांचं काय झालं?"

मी त्यांना अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्स या रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट, वय अवघं एकवीस. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, म्हणून रणगाडा सोडणार नाही, असं त्यानं रेडिओवरून कळवलं आणि लढत राहिला. तिथेच तो गेला. त्यालाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. युद्धानंतर तो दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात, हे सांगितल्यावर मुलांनी पाच सेंटीमीटरची चार कागदी माणसं कापली आणि आत बसवून बघितली. मावता मावेनात. कुणी हसलं नाही.

मला वाटतं, त्या दिवशी शौर्य म्हणजे काय आणि युद्धाची किंमत काय, हे दोन्ही एकाच डागातून मुलांपर्यंत पोहोचलं. भाषण देऊन मला ते जमलं नसतं.

अहिल्यानगरलाच कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ साली सुरू झालेलं. देशोदेशीचे रणगाडे तिथे उघड्यावर रांगेत उभे आहेत. सहल काढता आली तर जरूर काढा. फक्त मुलांना 'बघा किती मोठा' एवढंच सांगू नका. तिथले रणगाडे आता नीट रंगवलेले आहेत. मुलांना विचारा, "हा लढत होता तेव्हा कसा दिसत असेल? चिखल कुठं असेल?"

शेवटी, आपल्या शेऱ्याबद्दल

आपण आकारिक मूल्यमापनात कार्यानुभवाला, कलेला श्रेणी देतो. खरं सांगा, किती वेळा आपण वस्तूकडे बघून श्रेणी देतो आणि मुलाकडे बघून किती वेळा? मी आता एक नियम केलाय. प्रतिकृती बघून आधी तीन प्रश्न विचारायचे: हे काय आहे? हे असं का केलंस? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? तोपर्यंत पेन उघडायचं नाही. दुकानातून आलेल्या प्रतिकृतीला दुसऱ्या प्रश्नावरच घाम फुटतो. मुलाला रागावावं लागत नाही, त्याचं त्यालाच कळतं.

पालकांनाही एक विनंती. मुलाचं काम वाकडं दिसलं म्हणून ते सरळ करायला घेऊ नका. कदाचित ते वाकडंच असायला हवं असेल. आमचा पॅटन कललेला होता, कारण रुतलेला रणगाडा कलतोच!

वेळ वाया जातो, शिष्यवृत्तीची तयारी कधी करायची, असं म्हणाल तर एवढंच सांगते: या एका रणगाड्यात भागाकार, प्रमाण, माती, गंज, इतिहास आणि परिच्छेद लेखन आलं. 'माझ्या रणगाड्यावरचे डाग' या विषयावर मुलांनी लिहिलं, आणि पॅटनवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा पानभर लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मी नंतर सांगितल्या.

तो जुना शेरा मी खोडला नाही. खोडला असता तर मुलाला काय कळलं असतं? त्याच्याखाली दुसरा लिहिला, 'हा शेरा चुकीचा होता. बाईंनी नीट बघितलं नव्हतं. रणगाडा बरोबर आहे.' आणि सही केली. त्यानं तो वाचला, वही मिटली आणि म्हणाला, "बाई, पाला जरा जास्त झालाय पण. पुढच्या बारीला कमी लावतो."

तुमच्या वर्गातही असा एखादा चिखलाचा रणगाडा येऊन गेला असेल. आठवून बघा, त्याच्यावर आपण काय शेरा लिहिला होता?